चौथ्यांदा इंग्रजी

उत्तरेश्वर गुरुजी दर रविवारी सायकल हाणत मुरुमला जायचे, ते इंग्रजी शिकायला. तीन कोसांची वाट, निम्मी गाडीवाट आणि निम्मी खडी. सहा दिवस वाडीच्या शाळेत चार इयत्तांची पोरं एकट्यानं सांभाळायची आणि सातव्या दिवशी, छत्तिसाव्या वर्षी, स्वतःच पोर होऊन दुसऱ्याच्या ओट्यावर मांडी घालून बसायचं! माणूस शिणणार नाही तर काय होईल? चढ आला की ते उतरायचे आणि सायकल ढकलत चालायचे. अलीकडं तर उतारालासुद्धा उतरावंसं वाटायचं.

निजामाच्या राज्यात सातवीच्या जोरावर ते शाळेवर लागले होते. पुढं ते राज्य गेलं, जिल्हा मुंबई राज्याला जोडला गेला, आणि वरून सांगावा आला की गुरुजींनी मॅट्रिक व्हावं. बसले की परीक्षेला! गणित, इतिहास, मराठी, सगळं पहिल्या दणक्यात सुटलं. इंग्रजी तेवढं मानगुटीवर बसलं ते बसलंच. तीन मार्च महिने आले नि गेले, तिन्ही वेळा नापास. या खेपेला तपासणीचे साहेब तोंडावर सांगून गेले होते, "गुरुजी, हा शेवटचा मार्च. नाही जमलं तर जूनपासून शाळेवर दुसरा माणूस." शाळा गेली तर राहणार काय? दीड एकर मुरमाड, म्हातारी आई, बायको विठाबाई आणि एक गाय. लेकरूबाळ नव्हतं. आणि ज्या गावानं पंधरा वर्षं गुरुजी म्हटलं, त्याच गावात दुसऱ्याच्या बांधावर खुरपं घेऊन जायचं म्हणजे जीव गेल्यासारखंच की.

मुरुमचे गफार मास्तर निजामाच्या वेळी उर्दूतून इंग्रजी शिकवायचे. उर्दूची शाळा मराठीची झाली, मास्तर साठीला आले, घरी बसले. आता ओट्यावर बसून मराठीतून इंग्रजी शिकवायचे. आवाज चिरका, पाय सुजलेले, पण चूक दिसली की अंगात वारं यायचं. त्या रविवारी त्यांनी गुरुजींचा सरावाचा पेपर वाचला आणि गुडघ्यावर आपटला.

"अरे, काय लिवलंस हे? पोरगं रानात पाखरं सी करतंय. चोर खिडकीतनं सी करतोय. आई आजारी लेकराला सी करत बसलीया. साऱ्या दुनियेला एकच शब्द! इंग्रज मेला असता हे वाचून, लढाई कशाला करावी लागली असती?"

"मास्तर, बघणं म्हंजे सीच की."

"न्हाय! तीन वर्षं हितंच गाळात रुतलायस तू." मास्तरांनी पाय लांब केले. "ऐक. समोर लिंब हाय. तुला दिसतोय. त्याच्यासाठी तू काय केलंस? कायबी न्हाय. डोळं उघडं हायत म्हणून दिसतोय. हे झालं सी. आता म्या म्हणलं, त्या फांदीवर होला बसलाय. तू मान वळवलीस, नजर लावलीस. आपण होऊन केलंस. हे लुक. कळलं?"

"कळलं."

"आता वॉच. ज्वारी निसवली की माळ्यावर राखण्या बसतो. पाखरू कधी येईल त्याला ठावं नसतंय. तरी बसतो, नजर काढत न्हाय. जे हलतंय, बदलतंय, कायतरी होणार हाय, त्याच्यापाशी नजर घेऊन बसायचं. वेळ द्यावा लागतो बाबा. दिसतं फुकट, वॉचला वेळ लागतो." मग ते बोटांवर मोजायला लागले. "ग्लान्स म्हंजे बाजारातनं जाताजाता दुकानावर टाकतो ती नजर. पीप, दाराच्या फटीतनं. स्टेअर, डोळे फाडून टक लावणं. बेअदबी ती. शाळेत पोरानं केलं तर चापट द्यायची."

"आन् हे गेज?"

"ते राहू दे. जीव लावून बघत ऱ्हाणं ते, तुझ्यामाझ्या वयात परीक्षेला येत न्हाय."

गुरुजी हसले. कितीतरी दिवसांनी हसले असतील. मास्तरांनी अभ्यास दिला: दर शब्दाला एक वाक्य, पुस्तकातलं नाही, घरातलं. आणि वॉचसाठी कुणापाशी तरी घटकाभर खरंच बसायचं, मग लिहायचं. "बनवून आणलंस तर मला कळतं. चाळीस वर्षं पोरांच्या थापा ऐकल्यात म्या."

सोमवारी शाळा सुटल्यावर गुरुजी ओसरीवर वही घेऊन बसले. सी, लुक, ग्लान्सची वाक्यं लगेच झाली. वॉचपाशी पेन अडलं. गाईला बघावं म्हटलं तर गाय रवंथ करत बसलेली, तिच्यात काय हलणार? अंगणात हलत होती ती एकटी विठाबाई. तिला बघावं तर दारात आई मिश्री लावत बसलेली. आईच्या देखत बायकोकडं बघत बसणारा बाप्या त्या घरात तरी झाला नव्हता. नवरा-बायकोनं म्हातारीसमोर सरळ बोलायचंसुद्धा नाही. विठाबाईला काही सांगायचं असलं की ती गाईला सांगायची. "मीठ संपलंय गं बाई," असं गाईला म्हटलं की गुरुजींनी बाजारातून मीठ आणायचं. तेरा वर्षं संसार असाच चालला होता, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

गुरुजींनी मग पुस्तक तोंडासमोर धरलं आणि त्याच्या वरून बघायला लागले.

पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. पदर नाकापर्यंत ओढलेला, खाली मान, नेहमीची लगबग. मग लक्षात आलं की लगबग नाहीच ती. ती भिंतीला हात लावून चालत होती. भिंत संपली की थांबायची, पायानं जमीन चाचपायची, मग पुढं. घागर ठेवली तर आधी हातानं जागा शोधली. तुरीची डाळ निवडायला बसली तेव्हा तोंड भलतीकडं होतं आणि बोटं सुपात फिरत होती, एकेक खडा चिमटीत धरून बाहेर टाकत होती. आईनं डावीकडून तांब्या पुढं केला. विठाबाईचा हात तांब्याच्या वीतभर अलीकडं हवेतच बंद झाला. म्हातारी करवादली, "ध्यान कुठं असतंय गं तुझं?"

गुरुजींच्या हातातलं पुस्तक खाली आलं. मागच्या श्रावणात हिच्या हातून वहीवर पाणी सांडलं होतं. आमटीत खडा लागला म्हणून त्यांनी ताट भिरकावलं होतं, आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ओरडले होते, "डोळे फुटले का तुझे?" ती खाली वाकून सांडलेलं हातानं गोळा करत बसली होती, बराच वेळ. त्यांना तेव्हा वाटलं होतं, रुसून मुद्दाम उशीर लावतेय.

आई देवळात गेल्यावर ते गोठ्यात शिरले. "इठा, तुला दिसत न्हाय का?"

"दिसतंय की." ती शेण भरत होती, मान वर केली नाही. "कडंचं जरा कमी दिसतंय. समोरचं दिसतंय."

"कधीपास्नं?"

"झाले थोडे दिवस. तुमची परीक्षा होऊ द्या. मग बघू."

पुढच्या रविवारी गफार मास्तरांनी वही उघडली. सगळी वाक्यं तपासली. वॉचच्या वाक्यावर थांबले. गुरुजींनी लिहिलं होतं, मी माझ्या बायकोला वॉच केलं, ती सी करत नाही. मास्तरांनी चूक काढली नाही, शाबासकी दिली नाही. वही मिटून मांडीवर ठेवली.

"सोलापूरला ने तिला. उद्या."

"मास्तर, पेपर येत्या गुरुवारी हाय."

"ठावं हाय."

"हा शेवटचा हाय."

"तेबी ठावं हाय. म्या इंग्रजी शिकवतो, उत्तरेश्वर. हे तुझं तू ठरव." मास्तरांनी तोंड फिरवलं. जाताना मात्र म्हणाले, "वाक्य बरोबर हाय."

सोलापूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला अंधाऱ्या खोलीत नेलं, बराच वेळ तपासलं, आणि बाहेर येऊन गुरुजींनाच फैलावर घेतलं. काचबिंदू. उजवा डोळा गेल्यात जमा. डाव्याचं मधलं तेवढं शिल्लक आहे. "गेलेली नजर परत येत नाही. देव आला तरी येत नाही. राहिलीय ती राखायची तर ऑपरेशन. उद्या मंगळवार, उद्याच करतो."

"पुढल्या सोमवारी केलं तर चालंल का?" गुरुजींनी विचारलं. विचारताना त्यांची त्यांनाच शरम वाटली.

"तुम्हाला थांबायचं तर थांबा. डोळा थांबेल का, ते मला विचारू नका."

मंगळवारी ऑपरेशन झालं. विठाबाईच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, उठायचं नाही, आठ दिवस. घरचं कुणीतरी सतत जवळ पाहिजे. घरचं कोण? आई म्हणाली होती, गाय कुणी बघायची. आणि वॉर्डात नर्स एक, खाटा वीस. शेजारच्या खाटेवर नळदुर्गची सायराबी होती, साठीची, एका डोळ्यावर पट्टी आणि तोंडाला विश्रांती नाही. तीच म्हणाली, "म्या हाय की. गुरुजी, तुमी जावा परीक्षेला. उठायला लागली तर आरडंन म्या."

विठाबाईही बुधवारी दिवसभर तेच म्हणत होती. "पहाटंची मोटार हाय धाराशिवची. तुमी जावाच."

गुरुवारी पहाटे गुरुजी निघाले. खरोखरच निघाले, हे त्यांच्या बाजूनं सांगायला पाहिजे. "येतो गं," म्हणाले, वहाणा वाजवत वॉर्डातून गेले, पायऱ्या उतरले, स्टँडवर पोचले. धाराशिवची गाडी उभी होती. एक पाय पायरीवर ठेवला, आणि दुसरा काही उचलेना. तिला तहान लागली तर? सवयीनं हात लांब केला आणि मान वळली तर? सायराबीला डुलकी लागली तर? मागून एका माणसानं ढोसलं, "चढा की राव, का उतरा!"

ते उतरले. गाडी गेली तसा त्यांना जरा हलकेपणासुद्धा वाटला, आणि त्या हलकेपणाची भीती वाटली. आपण बायकोसाठी उतरलो, की चौथ्यांदा नापास व्हायला नको म्हणून? स्टँडच्या बाकावर बसून त्यांनी मनाला दोनदा विचारलं. पंधरा वर्षांची शाळा मात्र त्या गाडीबरोबर गेली, एवढं नक्की होतं.

परत गेलो तर ती म्हणेल, माझ्यापायी तुमचं वाटोळं झालं. रडेल, आणि रडायलाही डॉक्टरांनी बंदी केलेली. गुरुजींनी पायऱ्यांखाली वहाणा काढल्या, हातात घेतल्या, आणि अनवाणी, चोरासारखे वॉर्डात आले. तिच्या पायथ्याशी लोखंडी स्टूल होतं, त्याच्यावर बसले. सायराबीनं एक डोळा वटारला. गुरुजींनी ओठांवर बोट ठेवलं, हात जोडले. म्हातारीनं तोंडात पदर कोंबून हसू दाबलं. अशी गंमत तिच्या आयुष्यात दवाखान्यात तरी घडली नव्हती.

दिवस सरकता सरकेना. नर्स येऊन औषधाचे थेंब घालून गेली, तेव्हा ते दाराआड झाले. अकरा वाजले. तिकडं पेपर वाटले असतील, पहिली घंटा झाली असेल. इकडं विठाबाईची छाती शांतपणे वर-खाली होत होती. एकदा तिचा हात चादरीवरून तांब्याकडं सरकला, तशी सायराबी ओरडली, "ए बाय, हलू नको, म्या देते!" तांब्या गुरुजींनीच उचलला आणि सायराबीच्या हातात दिला.

दुपारी वॉर्ड गपगार झाला. विठाबाई एकदम बोलली.

"सायराबी मावशी, जागी हाव का?"

"जागीच हाय, माय."

"आमचं गुरुजी आता लिहीत असतील न्हवं?"

सायराबीनं गुरुजींकडं बघितलं. "असतील की."

"लई मेहनती हायत. दिवसभर पोरं, मग अभ्यास." तिनं चादरीचा काठ चिमटीत धरला. "मावशी, माझं डोळं थोड्या दिवसांचं न्हायत बरं का. तीन वर्षं झाली. पहिल्यांदा दिव्याभवती रंगाचं कडं दिसायचं. डोस्कं ठणकायचं. म्हणलं सांगावं. पर त्यांची परीक्षा तोंडावर आली व्हती. म्हणलं, ती होऊ दे, मग सांगू."

"मग?"

"नापास झाले. तोंड एवढंसं झालं व्हतं त्यांचं. तसल्या माणसाला काय सांगायचं? म्हणलं फुडल्या वर्षी पास होतील, पेढं आणतील, तवा सांगू. फुडल्या वर्षीबी तसंच. तवर उजव्यानं दिसायचं बंद झालं. मग वाटलं, आता सांगितलं तर म्हणतील, आधी का न्हाय सांगितलंस. म्हणून मग सांगायचंच राहून गेलं."

स्टुलावर गुरुजी दगड होऊन बसले होते. तीन वर्षं. तीन मार्च. ते दर साली निकाल घेऊन घरी यायचे, तोंड फिरवून झोपायचे, आणि ही एक साल आणखी गप्प बसायची. पास झालो असतो तर! पहिल्याच वर्षी झालो असतो तर हिचे दोन्ही डोळे शाबूत राहिले असते. धाराशिवला आत्ता जो पेपर चालला होता, तो ह्याच्यापुढं पोरखेळ होता.

"मर्दाचा राग न्हाय आला तुला?" सायराबी विचारत होती, पण बघत होती गुरुजींकडं.

"आला की. लई आला. ताट भिरकावलं त्यांनी, डोळं फुटलं का म्हणलं. खरंच फुटलं व्हतं, मावशी. हातानं आमटी गोळा करताना वाटलं, जावं माकणीला माहेरी, परत येऊच नये." तिचा आवाज चढला नाही, उतरला नाही. "अजून राग हाय. एवढ्यात जायचा न्हाय तो. पर घरात तेरा वर्षांत माझ्याकडं नीट बघणारं दुसरं कुणी निघालं न्हाय. निघाले ते तेच. उशिरा निघाले."

"सांग की मग त्यास्नी हे."

"न्हाय बाई. त्यास्नी कसं सांगू? तुमाला सांगितलं, झालं."

गुरुजींनी तोंडात उपरणं धरलं. डोळ्यातून पाणी गळत होतं आणि नाक ओढायचीसुद्धा चोरी. सायराबीनं कुशी बदलली आणि भिंतीकडं तोंड केलं. वरचा पंखा करकरत होता.

ऊन उतरलं. संध्याकाळची गाडी यायच्या सुमाराला गुरुजी उठले, पाय बधिर झाले होते, तसेच खाली गेले. वहाणा घातल्या, नळावर तोंड धुतलं, आणि पायऱ्या मोठ्यानं वाजवत वर आले.

"आलो गं."

"आलाव?" विठाबाई म्हणाली. "कसा गेला पेपर?"

"बरा गेला."

"मास्तरांनी शिकवलेलं आलं व्हतं का?"

"व्हय. तेच आलं व्हतं. पास होईन या बारीला."

वाळूच्या पिशव्यांमधे तिचं तोंड छताकडं होतं, हात पोटावर. मग तिनं शेजारच्या खाटेच्या दिशेनं हाक मारली.

"सायराबी मावशी, फडक्यात अर्धी भाकर असंल बघा, कांदाबी हाय. तेवढी यास्नी द्या. सकाळधरनं उपाशी बसलेत त्या स्टुलावर."